सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांचं कार्ड: पैसा योग्य टोकाला लागतोय का?

माणदेशी (चर्चाप्रस्ताव)

२९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या सगळ्यांना घेतलं. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. आधारवर सत्तर वर्षं भरली की वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयातले उपचार मोफत. केंद्राच्या अंदाजाने साडेचार कोटी घरांतले सहा कोटी ज्येष्ठ यात येतात. आमच्याकडे माण-खटावच्या गावांतही कार्डं निघाली, लोक समाधानी आहेत. मी नाही. का नाही ते सविस्तर लिहितो.

आधी आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं ८.६ टक्के होती. केंद्राच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०२१ ला ती १०.१ टक्के झाली, २०३१ ला १३.१ होतील. महाराष्ट्र देशाच्या पुढे आहे: याच दहा वर्षांत ११.७ वरून १५. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ टक्क्यांवरून १४ वर जायला शतकाहून जास्त काळ लागला होता. जपानला २४ वर्षं लागली, पण तो म्हातारा होईपर्यंत श्रीमंत झालेला होता. आपल्याकडे केस आधी पांढरे होणार आणि पैसा नंतर येणार. केंद्र आणि राज्यं मिळून आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२१-२२ मध्ये जीडीपीच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. म्हणजे हातात रक्कम थोडी आहे, आणि थोडी आहे म्हणूनच ती आधी कुठे लावायची हा प्रश्न महत्त्वाचा.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या दर चौघांतल्या तिघांना एक तरी जुनाट आजार निघाला. रक्तदाब, शुगर, सांधे, दमा. यातल्या बहुतेक आजारांना रोजची गोळी लागते, महिन्याला तपासणी लागते, कोणीतरी विचारपूस करणारं लागतं. आयुष्मान कार्डाला मात्र माणूस ॲडमिट व्हावा लागतो. ॲडमिट होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा, एवढंच त्यात धरलंय. ओपीडी नाही, महिन्याच्या गोळ्या नाहीत, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट नाही.

गावाकडे हे कसं घडतं ते पाहिलंय. उपकेंद्रात बीपीची गोळी संपलेली असते. मेडिकलमधून आणायला पैसे मुलाकडे मागावे लागतात, म्हातारा माणूस मागत नाही. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद. मग एका पहाटे लकवा. त्या दिवसापासून सरकार खर्च करायला तयार होतं: आयसीयू, स्कॅन, सगळं कार्डावर. पंधरा दिवसांनी माणूस अंथरुणावर घरी येतो आणि योजना थांबते. पुढची पाच-सात वर्षं तो आजार घर सांभाळतं.

माझं म्हणणं असं: ज्येष्ठांवर खर्च होणाऱ्या प्रत्येक नव्या रुपयावर पहिला हक्क उपकेंद्रातल्या औषधांचा, घरी जाणाऱ्या नर्सचा आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या शुश्रूषेचा असावा. रुग्णालयाचा हक्क त्यानंतर. केरळने हे केलेलं आहे. तिथे २००८ मध्ये, देशात सर्वात आधी, परिहार सेवेचं म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं) राज्य धोरण आलं. पंचायती स्वतःच्या निधीतून नर्स नेमतात आणि ती नर्स घरोघर जाते. तिथे साठीपुढचे १६ टक्क्यांच्या वर आहेत. आपण दहा-बारा वर्षांत जिथे पोचणार, तिथे ते आजच आहेत. विरोधी मतं जरूर मांडा.

सिस्टर_वर्धा

माणदेशी, रोग तुम्ही बरोबर सांगितलात, पण रुग्णालयाला दुसऱ्या नंबरवर ढकललंत ते मला अजिबात पटत नाही. मी बरीच वर्षं ऑर्थोच्या वॉर्डात काढली आहेत. म्हातारी बाई न्हाणीघरात घसरते, खुब्याचं हाड मोडतं. ऑपरेशन झालं तर महिन्याभरात काठी धरून चालते. नाही झालं तर पडून राहते, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो आणि कित्येक जणी वर्षाच्या आत जातात. ही योजना नव्हती तेव्हा मी नातेवाइकांना वॉर्डाबाहेर उभं राहून हिशेब करताना पाहिलंय. 'आता वय झालं, घरी नेतो' असं म्हणून सही करून नेत असत. ते दुष्ट नव्हते हो. धाकट्याची फी की आईचा खुबा, असा तो हिशेब होता.

आता सत्तरीच्या बाईला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, कार्ड तिच्या नावावर आहे. घरात तिची किंमत त्यामुळे बदलते. तुम्ही उपकेंद्राला नर्स द्या, गोळ्या द्या, मी तुमच्यासोबत मोर्चाला येईन. पण 'आधी ते, मग हे' म्हणालात की अर्थखातं त्यातलं 'मग हे' तेवढं ऐकतं आणि कात्री लावतं. 'आधी ते' कधीच येत नाही.

हिशेबनीस

दोघांच्याही मागे एक गृहीतक आहे, त्यालाच माझा विरोध आहे: म्हातारे वाढले म्हणजे आरोग्याचा खर्च त्या प्रमाणात फुगणार. अर्थशास्त्रात या प्रश्नाचा बराच कीस पडलाय आणि उत्तर इतकं सरळ निघालेलं नाही.

अर्थतज्ज्ञ पीटर झ्वायफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या विमा संस्थांची माहिती तपासली. खर्च वयापेक्षा मृत्यूच्या जवळिकीशी जास्त बांधलेला निघाला. शेवटच्या एक-दोन वर्षांत खर्च उसळतो, मग माणूस ६५ चा असो की ८५ चा. अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या, खर्चाचा साधारण चौथा हिस्सा आयुष्याच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांवर जातो. माणूस दहा वर्षं जास्त जगला तर हा शेवटचा खर्च दहा वर्षं पुढे सरकतो, दहापट होत नाही.

देशांची तुलना करा. जपानमध्ये पासष्टीपुढचे २९ टक्के आहेत आणि आरोग्यावर जीडीपीच्या ११ टक्क्यांच्या आसपास खर्च होतो. अमेरिकेत पासष्टीपुढचे १८ टक्क्यांच्या आसपास, खर्च मात्र १७ टक्के. तरुण देश म्हाताऱ्या देशापेक्षा दीडपट उधळतो. कारण दर. जपानमध्ये प्रत्येक तपासणीचा, प्रत्येक शस्त्रक्रियेचा दर सरकार ठरवतं आणि दर दोन वर्षांनी तो पुन्हा तपासला जातो. खर्च कोण वाढवतं असं विचाराल तर नवी यंत्रं, नवी औषधं, दर आणि पगार. वय त्या रांगेत बरंच मागे उभं आहे.

हे मी तांत्रिक हौसेने सांगत नाही. 'ज्येष्ठांचा भार' हा शब्दप्रयोग बजेटच्या भाषणांत रुळला की पुढची पायरी उपचारांवर वयाची मर्यादा. ती पायरी कोणी चढू नये म्हणून सांगतोय.

माणदेशी

हिशेबनीस, भार हा शब्द मी वापरलेला नाही आणि वापरणारही नाही. पण स्वित्झर्लंडचं गणित इथे तसंच लागू होईल का? तिथे माणूस मरायच्या आधी रुग्णालयात होता, म्हणून खर्च दिसला. आमच्याकडे शेवटची दोन वर्षं माणूस माजघरात असतो. तो खर्च ना विमा कंपनीच्या वहीत येतो ना सरकारच्या. नव्या कार्डामुळे हेच लोक रुग्णालयात येऊ लागतील, म्हणजे दडलेला खर्च उघडा पडेल आणि सरकारी आकडा वयाबरोबर वाढताना दिसेल.

सिस्टर, तुमचा खुबा मान्य. अपघाती आणि तातडीचं कोणी थांबवू नये. माझा रोख टाळता येण्याजोग्या लकव्यावर, किडनीवर आणि कापाव्या लागणाऱ्या पायावर आहे. सातारा आणि तुमचा वर्धा, दोन्ही जिल्हे रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात २०१७ च्या अखेरीपासून आहेत. ठरलेली दोन-तीन स्वस्त औषधं, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, न आलेल्याला फोन. इतकी साधी पद्धत, आणि जिथे औषध सलग मिळालं तिथे बीपी आटोक्यात आलं. जिथे पुरवठा तुटला तिथे नाही. यात विज्ञान अडलेलं नाही, पुरवठा अडलाय.

ऋता

सगळे सरकारच्या आणि रुग्णालयाच्या पैशाबद्दल बोलताय. माजघरातल्या माणसाचं अंग कोण पुसतं? सून, मुलगी, नाहीतर स्वतः सत्तरीला आलेली बायको. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. मी बँकेतली नोकरी सोडली. माझा पगार, माझा पीएफ, माझी पुढची बढती, यातलं काहीही राष्ट्रीय आरोग्य लेख्यात कुठेही दिसणार नाही. माणदेशींनी वर सांगितलेल्या देवनारच्या पाहणीवर आधारलेल्या अभ्यासानुसार देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, हा आजार आहे. यांच्यासाठी कार्ड काय करतं? काही नाही. त्यांना ॲडमिट करण्यासारखं काही झालेलंच नसतं. त्यांना फक्त दिवसाचे चोवीस तास कोणीतरी लागतं.

शहरात ब्युरोची बाई ठेवायची तर बारा तासांचे महिन्याचे पैसे एका साध्या पगाराएवढे होतात. त्या बाईला प्रशिक्षण नसतं, रजा नसते, तिचं स्वतःचं म्हातारपण कोण बघणार तेही कोणाला माहीत नसतं. माणदेशी, तुमच्या प्रस्तावात नर्स घरी येते हे चांगलं आहे, पण ती आठवड्यातून अर्धा तास येईल. उरलेल्या वेळाचं काय, ते त्यात लिहा. नाहीतर 'घरपोच सेवा' म्हणजे रुग्णालयाचा खर्च वाचवून तो बायकांच्या अंगावर टाकणं.

ओसाकाहून

ऋताताईंच्या मुद्द्यावर जपानमध्ये प्रत्यक्ष काय झालं ते सांगते. मी इथे वृद्धसेवा केंद्रात काम करते आणि हा इतिहास आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात.

१९७३ मध्ये जपानने सत्तरीपुढच्यांचे उपचार मोफत केले. तेच वय, जवळजवळ तोच निर्णय. झालं असं की घरी सांभाळणारं कोणी नाही, वृद्धाश्रमाला लोक नाव ठेवतात, पण रुग्णालय फुकट आणि अब्रूचं. म्हणून आजार नसलेले म्हातारे महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षं, रुग्णालयाच्या खाटेवर राहू लागले. औषधं जास्त, सलाइन जास्त, चालणं-फिरणं बंद, त्यामुळे माणूस खाटेलाच खिळायचा. खर्च इतका वाढला की १९८३ पासून पुन्हा थोडे पैसे घ्यायला सुरुवात झाली. शेवटी २००० च्या एप्रिलमध्ये शुश्रूषेसाठी वेगळा विमा आला. चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो, निम्मा पैसा करातून येतो. माणसाला किती मदतीची गरज आहे ते घरी येऊन तपासतात, सात पातळ्या आहेत, आणि त्यानुसार आंघोळ घालायला येणारा माणूस, दिवसाचं केंद्र, घरात लावायचे कठडे हे सगळं मिळतं. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः भरावा लागतो.

दोन गोष्टी विशेष. पहिली: जर्मनीने १९९५ च्या अशाच विम्यात घरच्यांना रोख रक्कम घ्यायची मुभा दिली. जपानमध्ये स्त्रियांच्या संघटनांनी रोख नको म्हणून आग्रह धरला. रोख आली की सुनेला घरातच बांधून ठेवायला आणखी एक कारण मिळेल, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून इथे सेवा मिळते, पैसे नाही.

दुसरी गोष्ट या चर्चेला जास्त लागू आहे. मोफत उपचारांची सुरुवात केंद्र सरकारने केली नव्हती. इवाते प्रांतात सावाउची नावाचं बर्फात अडकणारं गरीब खेडं होतं. त्यांनी १९६० च्या अखेरीस पासष्टीपुढच्यांचे आणि पुढच्या वर्षी साठीपुढच्यांचे व तान्ह्या मुलांचे उपचार मोफत केले. पण त्यांनी त्यासोबत आरोग्यसेविका नेमल्या होत्या, त्या बर्फातून घरोघर जायच्या. १९६२ मध्ये त्या गावात एकही तान्हं मूल दगावलं नाही. देशाने तेरा वर्षांनी त्या गावाकडून 'मोफत' तेवढं उचललं आणि सेविका तिथेच सोडल्या.

चाळिशीत

जपानचं वाचून माझा मुद्दा आणखी पक्का झाला. हप्ता कोण भरतो? चाळिशीतला माणूस. इथेही कर मीच भरणार. माझ्या मुलांची फी, घराचा हप्ता आणि आईवडिलांची औषधं, तिन्ही माझ्याच पगारातून जातात. मग आमच्या सोसायटीतल्या तीन फ्लॅटच्या मालकाला, ज्याची दोन्ही मुलं परदेशात आहेत, पाच लाखांचं मोफत कवच कशासाठी? ही योजना उत्पन्नाची अट लावून अर्ध्या लोकांना द्या, आणि वाचलेल्या पैशातून माणदेशींच्या गोळ्या आणा. केंद्राचा निराधार वृद्धांच्या पेन्शनमधला वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला जवळपास दोन दशकं दरमहा २०० रुपयेच आहे. निराधार बाईचे दोनशे वाढवायचे सोडून फ्लॅटवाल्याला कार्ड, हा अन्याय आहे.

खानदेशी_अन्नपूर्णा

चाळिशीतल्या भावा, तुमची ओढाताण कळते. माझ्या मुलाची तीच गत आहे. पण अट लावून काय होतं ते आम्ही भोगलंय. आयुष्मानची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून झाली. २०१८ मध्ये योजना आली तेव्हा ती यादी सात वर्षांची जुनी होती. आमच्या गल्लीत मोलमजुरी करणारी विधवा यादीत नाही आणि ट्रॅक्टरवाला यादीत आहे, असं चित्र होतं. नाव का नाही ते विचारायला म्हाताऱ्या माणसाने तहसीलला किती खेटे घालायचे? उत्पन्नाच्या दाखल्याला पैसे, एजंटाला पैसे.

आता वय दाखवलं की काम झालं. शिवाय तुमचा फ्लॅटवाला सरकारी योजनेतल्या रुग्णालयात जाणारच नाही, तो त्याच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाईल. आणि गेलाच तर बरं. त्याला तिथे वागणूक वाईट मिळाली तर तो बोलेल, वरपर्यंत तक्रार करेल. आमचं कोण ऐकतं?

दोनशे रुपयांबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. राज्याने श्रावणबाळ योजनेत भर घालून रक्कम दीड हजारावर नेली, केंद्र हललं नाही.

हिशेबनीस

अट लावून किती वाचेल ते पाहू. मंजुरीच्या वेळी केंद्राने या विस्ताराचा सुरुवातीचा अंदाज ३,४३७ कोटींचा दिला. सहा कोटी माणसांनी भागा: माणशी साधारण पावणेसहाशे रुपये, आणि त्यात राज्यांचा चाळीस टक्के वाटाही आला. म्हणजे पाच लाख हा आकडा कार्डावर मोठा दिसतो, तरतूद मात्र बहुतेकजण कार्ड वापरणारच नाहीत असं धरून केलेली आहे. अट लावून यातला तिसरा हिस्सा वाचवला तरी गावागावात नर्स नेमण्याएवढी रक्कम उभी राहत नाही. चाळिशीत, तुमच्या खिशाला खरी कात्री लागते ती औषधांच्या आणि ओपीडीच्या खर्चाने. २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून दिले. २०१३-१४ मध्ये हेच ६४.२ टक्के होतं, म्हणजे सरकारने हात पुढे केला की फरक पडतो.

माणदेशींना एक सूचना. 'गोळी दिली की पुढे पैसा वाचतो' हा दावा करू नका. लकवा टळलेला माणूस आणखी दहा वर्षं जगतो, त्या वर्षांत त्याला मोतीबिंदू होईल, गुडघा बदलावा लागेल, कदाचित कॅन्सर होईल. प्रतिबंधाच्या बऱ्याच उपायांनी एकूण खर्च कमी होत नाही, असं आरोग्य अर्थशास्त्राला वारंवार आढळलंय. पण ती दहा वर्षं तो स्वतःच्या पायावर चालतो. मागणी त्यासाठी करा. बचतीचं आश्वासन देऊन योजना मागितली तर बचत न दिसताच ती बंद होईल.

सिस्टर_वर्धा

हे हिशेबनीसांचं शेवटचं वाक्य सोन्याचं आहे.

देवगडकर

उशिरा लिहितोय. आमच्याकडे हा सगळा वाद थोडा वेगळा दिसतो. वाडीत दहा घरं, त्यातल्या सहांत दोनच माणसं, दोन्ही सत्तरीपुढची. मुलं मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला येतात. ऋताताई म्हणतात ती सूनसुद्धा इथे नाही. म्हाताऱ्याचं म्हातारी करते, म्हातारीचं कोणी करत नाही.

कार्ड आहे. चालतं कुठे? मोठं काही झालं की सिंधुदुर्गातली माणसं वर्षानुवर्षं बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जात आली आहेत. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले होते. गोव्याचं तरी काय चुकलं? त्यांच्याकडेही ज्येष्ठांचं प्रमाण आपल्यापेक्षा जास्त आहे, आणि त्यांच्या करातून आमचे उपचार होत होते. तेव्हा जिल्ह्यात हृदयाचा, मेंदूचा, किडनीचा डॉक्टर नसेल तर पाच लाख असोत की पन्नास, त्या कार्डाचा उपयोग ज्या म्हाताऱ्याचा मुलगा पुण्या-मुंबईत राहतो त्यालाच. विम्यातून पैसा जिथे खाटा आहेत तिथेच जातो. जिथे म्हातारे आहेत तिथे तो आपोआप येत नाही. म्हणून मी माणदेशींच्या बाजूचा, पण त्यांच्यापेक्षा एक पाऊल पुढे: नर्स आणि गोळ्या तर हव्यातच, पण गाडी हवी. १०८ तातडीला येते. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जायचं तर रिक्षावाला जे मागेल ते द्यावं लागतं. डायलिसिस स्वतः मोफत आहे, तिथे पोचणं मोफत नाही.

माणदेशी

देवगडकर, गाडी मान्य, प्रस्तावात घालतो. हिशेबनीस, बचतीची भाषा काढून टाकतो, तुमचं म्हणणं पटलं. सिस्टर, तुमच्याशी मात्र अजून भांडण बाकी आहे. तुम्ही 'दोन्ही हवं' म्हणता. १.८४ टक्क्यांत दोन्ही बसत नाही. ज्या वर्षी रक्कम वाढणार नाही त्या वर्षी तुम्ही कोणाला थांबायला सांगाल?

सिस्टर_वर्धा

तुम्हाला सरळ उत्तर देते. मी कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला थांबायला सांगणार नाही, मी दरांना सांगेन. एकाच गुडघ्याच्या सांध्याची किंमत एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी तिप्पट, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. योजनेच्या पॅकेजवर ऑपरेशन करून वर 'हे यात बसत नाही' म्हणत नातेवाइकांकडून पैसे घेणं ऐकलंय, आणि डिस्चार्जच्या वेळी रडणारी माणसं पाहिली आहेत. सरकारी रुग्णालयात रिकामी पदं भरली, तिथेच खुबे बसवले, तर तोच पैसा जास्त माणसांना पुरेल. खाजगी रुग्णालयाला पॅकेज देणं सोपं म्हणून आपण तोच रस्ता धरला. तुम्ही गोळी विरुद्ध ऑपरेशन अशी कुस्ती लावताय. मला ती सरकारी खाट विरुद्ध खाजगी बिल अशी दिसते.

आणि घरी जाणारी नर्स म्हणजे पुन्हा आशाताईच होणार असेल तर माझा विरोध. गरोदर बाई, लसीकरण, क्षयरोग, तीस वर्षांवरच्यांचे तपासणी अर्ज, सगळं त्यांच्याच गळ्यात आहे. मानधन आणि कामागणिक मोबदला, पगार नाही. त्यात आता पाठीच्या जखमा धुवायला लावाल का? त्यासाठी शिकलेली, पगारी, वेगळी नर्स लागते.

माणदेशी

वेगळी, पगारी, शिकलेली. यावर दुमत नाही. दरांवरही नाही. पण खाजगी बिल आवरायला दहा वर्षं लागतील, आणि उपकेंद्रात अम्लोडिपिन, म्हणजे बीपीची गोळी, पोचवायला एक निविदा लागते. म्हणून माझा क्रम मी बदलत नाही.

ऋता

माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. नर्सच्या अर्ध्या तासानंतर उरलेल्या सगळ्या तासांचं काय?

ओसाकाहून

ताई, सगळ्या तासांचं उत्तर जपानकडेही नाही. इथेही आईवडिलांसाठी नोकरी सोडणारे पुष्कळ आहेत. पण दिवसाचं केंद्र हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग आहे. सकाळी गाडी येते, नेते, आंघोळ, जेवण, थोडा व्यायाम, गप्पा, संध्याकाळी सोडते. तेवढ्या वेळात सून नोकरीवर जाऊ शकते. त्याला डॉक्टर लागत नाही, मोठी इमारत लागत नाही. तुमच्याकडे गावोगाव समाजमंदिरं आहेत, अंगणवाड्या चालवायचा अनुभव आहे.

देवगडकर

आमच्या समाजमंदिराला कुलूप आहे. चावी ग्रामपंचायतीत आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ साठी आरोग्याचे ७० हजार कोटींवर पैसे स्थानिक संस्थांमार्फत द्यायची शिफारस केली होती. पंचायतीचा आराखडा ग्रामसभेतच ठरतो. दिवसाच्या केंद्राला महिन्याला काय खर्च येईल याचा ढोबळ तक्ता कोणी करून देईल का? वीस माणसं, एक नर्स, दोन मदतनीस, एक गाडी, दुपारचं जेवण. पुढच्या ग्रामसभेत मांडतो.

हिशेबनीस

करतो. नर्सचा पगार आणि गाडीचं भाडं तुमच्याकडे काय चालतं ते कळवा, बाकीचं मी धरतो.

सिस्टर_वर्धा

मदतनीस दोन नाही, तीन धरा. माणूस उचलायला दोघं लागतात, तेव्हा बाकीच्या एकोणिसांकडे बघायला कोणीतरी हवं.